पडद्यामागच्या उजेडासाठी: नाट्यगृहं बांधणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना खुलं पत्र

नाट्यगृहांचे आराखडे काढणारे वास्तुरचनाकार, ती चालवणारे व्यवस्थापक आणि तिथल्या प्रयोगांचे प्रकाशयोजनाकार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पडद्यामागे काम करतो. सेट उभा करणं, प्रवेश बदलताना तो हलवणं, प्रॉप्स जागच्या जागी पोहोचवणं आणि प्रयोग संपल्यावर सगळं उतरवून गाडीत भरणं हे माझं काम. आम्ही ज्या उजेडात हे काम करतो, त्याविषयी हे पत्र आहे. नाट्यगृहाच्या कागदपत्रांत स्पॉट किती, डिमर (दिवे कमी-जास्त करणारी यंत्रं) किती, कन्सोल (सगळे दिवे चालवायचं नियंत्रण-पटल) कोणता याची पानंच्या पानं असतात. कामाच्या दिव्यांच्या वाट्याला बहुतेकदा एखादी ओळ येते, आणि पैसे कमी पडले की पहिली काट त्याच ओळीवर बसते. माझी मागणी सरळ आहे. कामाच्या उजेडाची योजना आराखड्याच्या सुरुवातीपासून स्वतंत्रपणे व्हावी, आणि ती करताना त्या उजेडात राबणाऱ्यांना विचारलं जावं.

आधी हे लक्षात घ्या की रंगमंच वापरात असतो त्यातला थोडाच वेळ प्रयोगाचा असतो. बाकीचा वेळ सेट लावण्यात, दिवे टांगण्यात, फोकसिंगमध्ये (दिव्यांचे झोत नेमके रोखण्यात), तालमीत आणि सामान उतरवण्यात जातो. जड वस्तू उचलणं, शिडीवर चढणं, डोक्यावरून बॅटन (दिवे-पडदे टांगायचा आडवा दांडा) खाली घेणं, वायरी जोडणं ही सगळी धोक्याची कामं याच वेळात होतात. आणि या वेळात उजेड कोणता असतो? एक तर प्रयोगाचेच दिवे, त्यातले निम्मे रंगीत जिलेटिन (दिव्यापुढचा पारदर्शक रंगीत कागद) लावलेले आणि नटांच्या चेहऱ्यावर रोखलेले. नाहीतर मागच्या भिंतीवरचा एखादा भगभगीत फ्लड, जो समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो आणि पाठमोऱ्या माणसाच्या हातावर त्याचीच सावली पाडतो. स्क्रू फिरवताना स्क्रूच दिसत नाही, कारण आपलंच डोकं मध्ये येतं.

प्रयोगाच्या दिव्यांनी कामाचा उजेड भागवण्यात आणखी एक अडचण आहे. प्रकाशयोजनाकाराला फोकसिंगसाठी अंधार लागतो आणि सुताराला त्याच वेळी, त्याच रंगमंचावर उजेड लागतो. वेळ तर दोघांनाही अपुरा. मग 'लाइट लावा', 'लाइट काढा' असा आरडाओरडा सुरू होतो आणि शेवटी सुतार मोबाइलच्या टॉर्चवर करवत चालवतो. हा वाद माणसांच्या स्वभावातून आलेला नाही. सगळे दिवे एकाच बटणावर ठेवल्यामुळे तो होतो. दोन्ही विंगा, रंगमंचाचा मागचा भाग, मध्यभाग, फ्लाय गॅलरी (बॅटनचे दोर ओढायचा बाजूचा उंच सज्जा), ग्रिड (रंगमंचाच्या छताखालची टांगण्याची जाळी) आणि सामान आत घेण्याचं दार यांचे दिवे वेगवेगळ्या बटणांवर असले, तर मध्यभागी काळोख करूनही विंगेत आडोशाच्या उजेडात काम चालू राहतं. वायरिंग नव्यानं होत असताना यासाठी फारसं काही जास्तीचं करावं लागत नाही. भिंती बंद झाल्यावर मात्र तेच काम डोंगराएवढं होतं.

किती उजेड पुरेसा, यालाही उत्तर आहे. अंतर्गत कामाच्या जागांसाठी असलेल्या ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत रंगमंचावरच्या रिगिंगसाठी (सामान टांगण्याच्या कामासाठी) ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) धरले आहेत, म्हणजे मेकअप रूमसाठी धरलेत तितकेच. पण हा आकडा मोजायचा कधी, यात खरी मेख आहे. रिकाम्या, नव्याकोऱ्या रंगमंचावर मीटर ठेवला की आकडा छान येतो. त्यानंतर काळे पडदे टांगले जातात, वर झालरी येतात, सेटच्या भिंती उभ्या राहतात आणि छतातून येणारा उजेड त्यांच्यात अडकतो. शिवाय काळी जमीन आणि काळे पडदे पडलेल्या उजेडातला फारच थोडा परत देतात, म्हणून तेवढ्याच लक्सला पांढऱ्या भिंतींची खोली लख्ख दिसते आणि रंगमंच अंधारा वाटतो. तेव्हा मोजणी पडदे टांगून आणि सेट लावून करा, आणि मीटर आम्ही जिथे वाकून काम करतो तिथे ठेवा.

उंचीचाही विचार हवा. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या उजेडाचं अंतर दुप्पट झालं की तो चौथाईवर येतो. ४ मीटरवर भरपूर वाटणारा दिवा ८ मीटरवर नेला की त्याच्याखाली वायरीचे रंग ओळखता येत नाहीत. सगळे दिवे ग्रिडला टांगून मोकळं होण्यापेक्षा फ्लाय गॅलरीच्या खालच्या अंगाला, दोन्ही बाजूंनी, पसरट उजेडाचे दिवे लावावेत. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना पुसतात आणि वर टांगलेला सेट मध्ये आला तरी जमीन उजळलेली राहते. वर पाहून काम करणाऱ्याच्या थेट डोळ्यांत दिवा येणार नाही अशी झापड त्यांना हवी. बॅटन खाली येताना आम्ही सगळे वरच बघत असतो, आणि नेमक्या त्या क्षणी डोळे दिपून चालत नाही.

दिव्याचा प्रकार निवडताना एक जुनी चूक टाळा. कितीतरी रंगमंचांवर कामासाठी मेटल हॅलाइडचे दिवे आहेत. ते एकदा विझले की पुन्हा पेटण्याआधी थंड व्हावे लागतात आणि त्यात काही मिनिटं सहज जातात. तालमीत कुणी हाक मारली की उजेड लगेच लागतो. तो मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे लोक दोनपैकी एक करतात. दिवे विझवतच नाहीत आणि प्रकाशयोजनाकार वैतागतो, किंवा विझवले की पुन्हा लावायच्या भानगडीत न पडता अंधारातच चाचपडतात. एलईडी लगेच लागतो, कमी-जास्त करता येतो आणि तापतही कमी, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. फक्त त्यात रंग खरे दिसताहेत ना आणि मंद केल्यावर तो फडफडत नाही ना, हे घेण्याआधी डोळ्यांनी बघून घ्या. पंख्याचा आवाज करणारा दिवा तर नकोच. शांत प्रवेशात तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

आता प्रयोग सुरू असतानाच्या उजेडाकडे येतो. माझ्या मते या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

मंद उजेडात पाहण्याचं काम डोळ्यांतल्या दंडपेशी करतात. त्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि लख्ख उजेडाकडे एकदा पाहिलं की ती कमाई जाते. अंक रंगात असताना आम्ही विंगेतून उजळलेल्या रंगमंचाकडे पाहत असतो, कारण आमचा इशारा तिथेच असतो. मग ब्लॅकआउट होतो आणि त्याच क्षणी आम्हाला सोफा उचलून आत पळायचं असतं. प्रवेशबदल अर्ध्या मिनिटाचा. डोळ्यांना सवय व्हायला वेळ मिळणारच नाही, म्हणजे ते अर्धं मिनिट आम्ही जवळजवळ आंधळे असतो. नटही असतात. झगझगीत उजेडातून बाहेर येणारा नट विंगेतल्या पायरीवर अडखळतो तो याच कारणानं. आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, म्हणून अंधारात ज्या वस्तूकडे रोखून बघावं तीच नाहीशी होते आणि जराशी बाजूला नजर ठेवली की दिसू लागते. आमचे जुने सहकारी हे अनुभवानं शिकलेले असतात. पण एका हातात टेबलाचा पाय आणि दुसऱ्या हातात दिवाणखान्यातला लॅम्प असताना या युक्तीवर किती भिस्त ठेवायची?

विंगेत निळा दिवा लावायची रीत जगभर आहे आणि तिला आधार आहे. मंद उजेडात डोळा निळ्या-हिरव्या भागाला सगळ्यात जास्त दाद देतो, म्हणून थोड्याशा निळ्यावरही वाट दिसते. प्रेक्षकांच्या बाजूला जरासा सांडला तरी रंगमंचावरच्या ऊबदार उजेडापुढे तो फारसा जाणवत नाही. विंगेतून चालण्यापुरता निळा दिवा मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती गडद निळं जिलेटिन गुंडाळलेल्या बल्बबद्दल. त्या जिलेटिनमधून उजेडाचा अगदी किरकोळ अंश बाहेर येतो. दिवा आहे एवढं समाधान मिळतं, पण पायाखालची केबल दिसत नाही. मुळातच निळा उजेड देणारा, कमी-जास्त करता येणारा एलईडी त्याच जागी कितीतरी उपयोगी पडतो.

वाचायचं किंवा ओळखायचं काम निघालं की मात्र निळा उजेड फसवतो. त्यात लाल रंग काळा दिसतो. जमिनीवर लाल पट्टी चिकटवून 'इथे पायरी आहे' असं सांगणाऱ्याला हे ठाऊक नसतं, म्हणून कडांना नेहमी पांढरी किंवा पिवळी पट्टी लावावी. निळ्या शाईतल्या खुणा निळ्या दिव्याखाली पुसट होतात, तशा लाल शाईतल्या लाल दिव्याखाली. वायरींचे तपकिरी आणि हिरवा हे रंग एकसारखेच दिसतात. स्टेज मॅनेजरच्या टेबलावर, प्रॉप्सच्या टेबलावर आणि झटपट कपडे बदलायच्या कोपऱ्यात मंद, पिवळसर पांढरा, चारी बाजूंनी झाकलेला छोटा दिवा असायला हवा. त्याचा उजेड टेबलाबाहेर जाता कामा नये आणि तो मंद करायचा खटका तिथेच, हाताशी हवा.

वयाचा मुद्दा फारसं कुणी बोलत नाही. वाढत्या वयात डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, आणि साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्यातही पिवळं भिंग निळाच उजेड जास्त अडवतं. फ्लायवर दोर धरणारा, काउंटरवेटचा (टांगलेलं सामान तोलणाऱ्या वजनांचा) तोल हातांनी ओळखणारा आमच्यातला सगळ्यात जाणता माणूस बहुधा वयानंही सगळ्यात मोठा असतो. त्याच्यासाठी गडद निळा दिवा जवळपास विझलेलाच आहे. त्याचं कौशल्य आम्हाला अजून बरीच वर्षं हवं आहे. उजेडाची पातळी ठरवताना त्याचे डोळे मोजमापाला घ्या, विशीतल्या मदतनिसाचे नकोत.

अंधारात चमकणाऱ्या पट्टीबद्दलही सांगायला हवं, कारण 'पट्टी लावली आहे ना?' हे उत्तर आम्हाला फार ऐकायला मिळतं. ही पट्टी स्वतःहून उजेड तयार करत नाही, आधी पडलेला उजेड साठवून हळूहळू सोडते. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची नवी पट्टी तासन्‌तास टिकते, झिंक सल्फाइडची जुनी लवकर मावळते, आणि दोन्हींना आधी भरपूर उजेड मिळावा लागतो. माझा एक सहकारी ब्लॅकआउटमध्ये लेव्हलच्या (सेटमधल्या उंच चौथऱ्याच्या) कडेवरून खाली गेला आणि त्याचं मनगट मोडलं. कडेला पट्टी होती. पण त्या दिवशी तांत्रिक तालीम सकाळपासून मंद उजेडातच चालली होती, कामाचे दिवे मध्ये एकदाही लागले नव्हते, त्यामुळे पट्टीत साठलेलं काहीच नव्हतं. त्यानंतर तिथे नियम झाला की प्रत्येक विश्रांतीत आणि प्रेक्षक आत येण्याआधी कामाचे दिवे पूर्ण लावायचे. हा नियम सगळीकडे व्हावा असं मला फार मनापासून वाटतं.

प्रकाशयोजनाकार मित्रांनो, तुमची काळजी मी जाणतो. पूर्ण काळोखाचा तो क्षण तुम्ही किती कष्टानं मिळवता हे मी विंगेतून पाहिलं आहे आणि मलाही तो तितकाच प्रिय आहे. विंगेतला एखादा चुकार दिवा तो क्षण बिघडवू शकतो, हेही खरं. पण त्यावरचा इलाज दिवा काढून टाकणं हा नसतो. दिवा पोटरीच्या उंचीवर आणा, तोंड जमिनीकडे करा, प्रेक्षकांच्या बाजूनं झापड लावा, आणि पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर व बाल्कनीत बसून तो दिसतो का ते तपासा. तांत्रिक तालमीतली दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा. त्यानंतर आणखी एक करा. ब्लॅकआउट लावून आमच्याबरोबर विंगेत उभे राहा आणि एक प्रवेशबदल हातात सामान घेऊन करा. निळा दिवा किती टक्क्यांवर हवा, हे त्या एका फेरीत ठरेल.

कपाळाला बांधायच्या टॉर्चवर आम्हाला सोडून देऊ नका. आम्ही त्या वापरतो, कारण पर्याय नसतो. पण तिचा झोत हाकेला मान वळवली की समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि त्याला अंधाराची झालेली सवय एका झटक्यात मोडतो. प्रयोगात तर ती प्रेक्षागृहातूनही दिसते. ती अडीअडचणीसाठी खिशात असावी, रोजच्या कामाचा भार तिच्यावर नको.

व्यवस्थापकांनो, आता बटणांबद्दल. कामाचे दिवे प्रकाशयोजनेच्या कन्सोलवर अवलंबून नसावेत. कन्सोल अडकला, किंवा तो चालवणारा जेवायला गेला, म्हणून खाली येणाऱ्या बॅटनखाली अंधार व्हावा हे कुठेच चालू नये. रंगमंचावर येण्याच्या प्रत्येक दाराशी एक बटण हवं, म्हणजे पहिल्या येणाऱ्याला अख्खा रंगमंच अंधारात ओलांडून मुख्य पॅनेल शोधावं लागणार नाही. प्रयोग सुरू झाला की ही सगळी बटणं स्टेज मॅनेजरच्या जागेवरून एका किल्लीनं बंद करता यावीत, म्हणजे चुकून कुणाचा हात लागून ऐन प्रवेशात लख्ख उजेड पडणार नाही. आणि प्रयोगाचे दिवे जाऊन कामाचे दिवे येईपर्यंत मध्ये काळोखाची फट राहू नये. आधी कामाचे लागावेत, मग प्रयोगाचे विझावेत. आणीबाणीत मात्र ते पूर्ण लावण्याचा अधिकार स्टेज मॅनेजरला बिनशर्त असावा.

वीज गेली तर काय, याचं उत्तर नाट्यगृहांच्या इतिहासानं फार मोठी किंमत मोजून दिलं आहे. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरला आग लागली, गॅस बंद झाला, इमारत काळोखात बुडाली आणि शेकडो माणसं दारांपर्यंत पोहोचू शकली नाहीत. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये कार्बन आर्क दिव्यापासून पडद्यानं पेट घेतला आणि ६०० हून अधिक जीव गेले. तिथेही दिवे गेले होते. रिंग थिएटर जळण्याच्या दोनच महिने आधी लंडनचं सॅव्हॉय थिएटर सुरू झालं होतं, सगळीकडे विजेचे दिवे असलेली ती पहिली सार्वजनिक इमारत. विजेनं उघड्या ज्योतीचा धोका कमी केला, आणि पूर्ण काळोख एका बटणावर आणून ठेवला. तेव्हापासून तो काळोख प्रयोगागणिक आमच्या पायांखाली असतो.

त्या दुर्घटनांनंतर प्रेक्षकांच्या वाटांची काळजी घेतली जाऊ लागली आणि ते योग्यच झालं. ईएन १८३८ हे मानक बाहेर पडण्याच्या वाटेवर किमान १ लक्स सांगतं. तेच मानक जास्त धोक्याच्या कामाच्या जागांसाठी नेहमीच्या उजेडाच्या १० टक्के, पण १५ लक्सपेक्षा कमी नाही, आणि तोही अर्ध्या सेकंदात, असं सांगतं. शेकडो किलो वजन दोरांवर तोललेली फ्लाय गॅलरी मी याच प्रकारात धरतो. ग्रिड आणि काउंटरवेट चढवण्याचा सज्जाही त्यातच येतो. प्रेक्षागृहात हिरव्या पाट्या असतात, पण फ्लाय गॅलरीच्या शिडीवर बॅटरीवरचा एकही दिवा नाही असं चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दोर हातात असताना वीज गेली, तर तो माणूस ना दोर सोडू शकतो, ना ब्रेक शोधू शकतो. तिथे दिवा हवाच.

सगळे घरी गेल्यावर मोकळ्या रंगमंचावर स्टँडवर एक उघडा बल्ब जळत ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिच्याभोवती भुताखेतांच्या गोष्टी आहेत, पण सकाळी पहिल्यांदा आत येणारा माणूस ऑर्केस्ट्रा पिटमध्ये पडू नये, एवढं कारण मला पुरतं. तो दिवा ठेवा. स्टँड जड असू द्या, वायर वाटेत आडवी नको, बल्बला जाळी लावा.

नव्या नाट्यगृहाचा किंवा जुन्याच्या दुरुस्तीचा आराखडा तुमच्या टेबलावर असेल, तर विद्युत कामाचा नकाशा पक्का होण्याआधी स्टेज मॅनेजर, फ्लायमन, सुतार, कपडेपट सांभाळणारी व्यक्ती आणि एक लाइटमन यांना एका दुपारी बोलवा. आम्ही कुठे वाकतो, कुठे चढतो, कपडे कुठे बदलले जातात, प्रॉप्सचं टेबल कुठे लागतं, अंधारात कोणत्या वाटेनं पळतो, हे त्या नकाशावर पेन्सिलनं काढून देऊ. काम पूर्ण झाल्यावर ताबा घेण्याआधी पडदे टांगा आणि पुन्हा बोलवा. लक्समीटर घेऊन आम्ही तुमच्याबरोबर फिरू, आणि जिथे आकडा कमी येईल ती जागा ठेकेदार अजून तिथे असतानाच दुरुस्त करून घेऊ.

आपला,
पडद्यामागचा एक कामगार